सोव्हिएत मोंताजच्या पद्धतीने तीन मिनिटांचा माहितीपट कसा बांधायचा

सोव्हिएत मोंताज म्हटलं की बहुतेकांना भराभर कापलेले शॉट आठवतात. तेवढंच डोक्यात धरून कामाला लागलं तर हाती फक्त धावपळ लागते. 1920 च्या दशकात मॉस्कोत हे काम करणाऱ्यांच्या लेखी मोंताज म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी असलेलं नातं होतं. माहितीपट दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हने तर मोंताजची सुरुवात कॅमेरा हातात घेण्याच्याही आधी मानली. त्याने सहा टप्पे सांगितले: निरीक्षण करतानाचा मोंताज, निरीक्षणानंतरचा, चित्रीकरण करतानाचा, चित्रीकरणानंतरचा, मग हवे असलेले तुकडे नजरेने हेरण्याचा, आणि सर्वांत शेवटी अंतिम जुळणी. आज आपण ज्याला एडिटिंग म्हणतो ते या सहांपैकी जेमतेम शेवटच्या तिघांत येतं. पहिले तीन टप्पे गाळले तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, टाइमलाइनवर जुळवायला काही उरतच नाही.

पुढची कृती तीन मिनिटांच्या, संवाद नसलेल्या माहितीपटासाठी आहे. विषय म्हणून सुतारकामाची एक कार्यशाळा धरली आहे, कारण तिथे हात आणि अवजारं वेगवेगळ्या दिशांनी हलतात. अशी हालचाल असलेलं दुसरं कुठलंही काम चालेल. गप्पा, सभा, मुलाखती पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका. त्यात अर्थ शब्दांतून येतो आणि शॉटमधलं नातं तपासता येत नाही.

आधी एक सराव

दिग्दर्शक लेव कुलेशॉव्हने 1920 च्या सुमारास मॉस्कोच्या चित्रपटशाळेत कार्यशाळा चालवली तेव्हा कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की विद्यार्थी फिल्मशिवाय, रंगमंचावरच ‘चित्रपट’ करून दाखवत. त्याच काळातला त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नट इव्हान मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉटना जोडला, आणि प्रेक्षकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले. त्याचा विद्यार्थी व्सेवोलोद पुदोव्हकिनच्या वर्णनानुसार ते शॉट होते सूपची बशी, शवपेटीतली स्त्री आणि खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी मुलगी. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही आणि नंतर मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. त्यामुळे हे ऐकून मान्य करण्यापेक्षा स्वतः करून पाहावं.

सेकंदाला 24 फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये एका माणसाचा चेहरा 72 फ्रेम घ्या, मग वस्तूचा शॉट 60 फ्रेम, मग पुन्हा तोच चेहरा 72 फ्रेम. असे तीन तुकडे करा, प्रत्येकात वस्तू वेगळी. तिन्हींत चेहऱ्याचा अगदी तोच तुकडा, त्याच फ्रेमपासून त्याच फ्रेमपर्यंत वापरा. वेगळा टेक घेतला की पापणीच्या उघडझापेतला फरकही प्रेक्षक टिपतो आणि प्रयोग बाद होतो. एका प्रेक्षकाला एकच तुकडा दाखवा. तिन्ही ओळीने दाखवले तर युक्ती कळते आणि तो हुशारीने उत्तर देतो. परिणाम साधला नाही तर दोन गोष्टी तपासा: चेहरा खरोखर निर्विकार आहे का (सांगून ‘निर्विकार’ केलेला चेहरा बहुधा उदास दिसतो), आणि नजरेची दिशा वस्तूच्या कोनाशी जुळते का. माणूस खाली पाहतोय आणि बशी समोरून दिसतेय, तर प्रेक्षक दोन्ही जोडतच नाही.

निरीक्षण आणि यादी

कॅमेरा न घेता कार्यशाळेत दोन-तीन तास बसा. वहीत वस्तूंची नावं लिहू नका, हालचाली लिहा. ‘रंधा’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘रंधा, डावीकडून उजवीकडे, सव्वा सेकंदात एक फेरी, परत येताना वेगाने’ ही नोंद उपयोगी. करवत वर-खाली. हातोडी वरून खाली, मग थांबा. पट्टा फिरतो तो गोल. भुसा खाली पडतो, धूळ उन्हात वर चढते. शिवाय उजेड कुठून येतो, दिवसभरात कुठे सरकतो, काम कधी जोरात चालतं आणि कधी थंडावतं, हेही.

मग घरी बसून यादी दिशांनुसार लावा: आडवी, उभी, गोल, तिरकी, स्थिर. बहुतेक याद्यांत स्थिर शॉट जवळजवळ नसतातच, आणि हीच पहिली चूक. सगळंच हलत असेल तर काहीच हलल्यासारखं वाटत नाही. व्हर्टोव्हच्या 1929 च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ची सुरुवात आठवा: रिकाम्या खुर्च्या, झोपलेलं शहर, थांबलेली यंत्रं. त्या स्थिरतेवरच पुढचा वेग उभा राहतो. आपल्या तीन मिनिटांतही निदान दहा स्थिर शॉट हवेत.

चित्रीकरण

साधारण 200 शॉट, प्रत्येकी 10 ते 12 सेकंद, म्हणजे सुमारे 40 मिनिटांचं फुटेज घ्या. त्या काळातले डेब्री पार्व्होसारखे कॅमेरे 120 मीटर फिल्म घेत. 35 मिलीमीटरच्या फिल्मवर मीटरला साधारण साडेबावन्न फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला 16 फ्रेमच्या वेगाने एक मॅगझिन साडेसहा मिनिटांत संपे. एवढी मर्यादा असल्यामुळे कॅमेरामन चित्रीकरण सुरू करण्याआधी विचार करी. आज कार्डावर तासन्‌तास जागा असते, म्हणून ही मर्यादा स्वतःहून घालून घ्यावी लागते.

प्रत्येक क्रिया किमान तीन अंतरांवरून घ्या: दूर, मध्यम, अगदी जवळ. आणि दोन कोनांतून. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) आणि झूम टाळा. इथे हालचाल फ्रेमच्या आत घडायला हवी. कॅमेराही हलला तर दोन हालचाली एकमेकींत मिसळतात आणि जोडणी करताना दिशा ठरवता येत नाही. क्रिया सुरू होण्याआधी दोन सेकंद आणि संपल्यावर दोन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा. हे दोन सेकंद नसले की कट नेमका नको तिथे करावा लागतो.

वेगाकडे विशेष लक्ष द्या, कारण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात वेग बदलणं ही रोजची गोष्ट होती. मूठ एकदा फिरवली की बहुधा 8 फ्रेम जात, सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे 16 फ्रेम. हात हळू केला की पडद्यावर काम धावू लागे. आज तेच सेटिंगमध्ये करा. मूळ वेग 24, धावत्या तुकड्यांसाठी 12, संथ तुकड्यांसाठी 48 किंवा 96. शटर साधारण वेगाच्या दुप्पट ठेवा: 24 ला 1/50, 12 ला 1/25, 48 ला 1/100. वीज 60 हर्ट्झची असेल तिथे 1/60, 1/30 आणि 1/120, नाहीतर दिव्याखाली चित्र लुकलुकतं. 12 फ्रेमला शटर 1/50 वरच राहिलं तर हालचाल तुटक दिसते आणि दोष कॅमेऱ्याचा वाटतो.

उलटी गती हवी असेल तर ती इथेच ठरवा. 1924 च्या ‘किनोग्लाझ’मध्ये व्हर्टोव्हने बाजारातलं मांस उलट्या क्रमाने पुन्हा जिवंत बैलापर्यंत नेलं, आणि पाव शेतातल्या धान्यापर्यंत. ही क्लृप्ती गंमत म्हणून केलेली नव्हती. तयार वस्तू तिच्यामागच्या श्रमापर्यंत नेऊन दाखवायची होती. सुताराकडे हे सुरेख जमतं, कारण उडालेला भुसा, निघालेली साल, फुटलेली ढलपी या गोष्टी स्वतःहून मागे जात नाहीत, त्यामुळे उलटं चाललंय हे लगेच कळतं. रंधा उलटा चालवला तर मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही. खुर्चीपासून फळीपर्यंतचा प्रवास हवा असेल तर साल फळीवर परत चिकटण्याचा शॉट जवळून, सेकंदाला 48 फ्रेमने घ्या.

नोंदतक्ता

मोंताज खरा घडतो तो इथे, आणि बहुतेक जण हीच पायरी ओलांडून थेट टाइमलाइनवर जातात. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये संकलक येलिझावेता स्विलोवा फिल्मच्या गुंडाळ्या नोंदी लावलेल्या कप्प्यांतून काढताना दिसते. तुकडे वर्गवार लावलेले नसते तर ज्या चित्रपटात एक शॉट सरासरी सव्वादोन सेकंदांच्या आसपास टिकतो तो हाताने जोडणं अशक्य होतं.

व्हर्टोव्हने दोन शॉटमधल्या अंतराला महत्त्व दिलं आणि ते पाच गोष्टींत पाहिलं: कॅमेऱ्यापासूनचं अंतर, कोन, फ्रेममधली हालचाल, उजेड-अंधार आणि चित्रीकरणाचा वेग. तक्त्यात याच पाच रकान्यांसह शॉट क्रमांक आणि वापरण्याजोगी लांबी लिहा. सहावा रकाना आपण जोडू: नजर कुठे. फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन, एकूण नऊ चौकोन कल्पून शॉटच्या पहिल्या आणि शेवटच्या क्षणी नजर कोणत्या चौकोनात असते तो आकडा लिहा, डावीकडे वरून 1 आणि उजवीकडे खाली 9.

आता दोन शॉट शेजारी ठेवून पहिल्या पाच रकान्यांत प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण द्या. सारखं असेल तर 0, थोडं वेगळं तर 1, विरुद्ध तर 2. ही गुणपद्धत व्हर्टोव्हची नाही. त्याने फक्त पाच बाजू सांगितल्या, आणि गुण हे त्या बाजू कागदावर दिसाव्यात म्हणून केलेलं साधन आहे. एक उदाहरण: रंधा जवळून, बाजूने, डावीकडून उजवीकडे, खिडकीच्या उजेडात, 24 फ्रेम. त्याला जोडायची करवत मध्यम अंतरावरून, वरून पाहिलेली, वर-खाली, सावलीत, 24 फ्रेम. अंतर 1, कोन 2, हालचाल 1, उजेड 2, वेग 0. बेरीज 6.

बेरीज 0 किंवा 1 आली तर तो कट चुकल्यासारखा दिसतो: तोच शॉट झटका देऊन पुढे सरकला असं वाटतं. 2 ते 5 मध्ये ओघ टिकतो. 6 पासून पुढे धक्का बसतो. धक्का वाईट नाही, पण ओळीने पाच-सहा धक्के दिले की प्रेक्षक बधिर होतो. तीन मिनिटांत धक्क्याच्या जागा सात-आठ पुरेत. त्या मनाशी ठरवा आणि त्यांच्या आधीचे तीन-चार कट मुद्दाम कमी बेरजेचे ठेवा. 5 म्हणजे पाचही बाजूंनी प्रत्येकी 1, की दोन बाजूंनी 2 आणि एकीने 1, याकडेही पाहा. पहिल्या प्रकारचा कट मिळमिळीत होतो, दुसऱ्याला धार असते.

मग नजरेचा रकाना. पहिल्या शॉटच्या शेवटी नजर 3 मध्ये आणि दुसऱ्याचा मुख्य भाग 7 मध्ये असेल तर डोळ्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात जायला साधारण पाचवा भाग सेकंद लागतो, म्हणजे 24 च्या वेगाने 5 फ्रेम. दुसरा शॉट 12 फ्रेमचाच असेल तर त्याचा जवळजवळ अर्धा भाग वाया गेला. अशा वेळी एकतर दुसरा शॉट 5 फ्रेमने वाढवा किंवा मध्ये 5 क्रमांकाच्या चौकोनात वस्तू असलेला शॉट घाला. प्रेक्षकाच्या डोळ्यासाठी सर्वांत सोईची वाट शोधणं हे व्हर्टोव्हने संकलकाचं काम मानलं होतं, आणि जलद मोंताज ‘डोकं दुखवणारा’ होतो तो बहुतेक वेळा ही वाट न आखल्यामुळेच.

200 शॉटचा तक्ता भरायला एक पूर्ण दिवस लागेल. लागू द्या. तक्ता भरता भरताच निम्मे शॉट गळतात आणि कोणते तुकडे कमी पडताहेत तेही कळतं. गोल हालचालीचा एकच शॉट निघाला, तर परत जाऊन आणखी चार आणावे लागतील. पाचवा टप्पा तो हाच.

लांबी

दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनने 1929 मध्ये मोंताजचे पाच प्रकार मांडले: मापाचा, लयीचा, भावछटेचा, उपछटांचा आणि बौद्धिक. तीन मिनिटांच्या कामाला पहिले तीन पुरतात.

मापाच्या मोंताजमध्ये शॉटची लांबी आतल्या आशयाकडे न पाहता प्रमाणात ठरते. 48, 24, 12, 6 फ्रेम अशी उतरण घेऊन करून पाहा. 48 ला दोन शॉट, 24 ला चार, 12 ला आठ, 6 ला सोळा: प्रत्येक टप्पा चार सेकंदांचा, एकूण 16 सेकंद. प्रमाण सोपं असावं. व्हर्टोव्हच्या ‘अकरावे वर्ष’ या 1928 च्या चित्रपटाबद्दल आयझेनस्टाइनची तक्रारच अशी होती की त्यातलं माप इतकं गुंतागुंतीचं आहे की ते पट्टी लावूनच सापडेल. 6 फ्रेमच्या टप्प्यावर नवी वस्तू दाखवू नका. आधी लांब दिसलेली वस्तूच तिथे ओळखू येते. जवळून घेतलेला शॉट लवकर वाचला जातो आणि दूरचा उशिरा, म्हणून दूरचे शॉट 48 आणि 24 ला, जवळचे 12 आणि 6 ला.

लयीच्या मोंताजमध्ये आतली हालचाल लांबी ठरवते. रंध्याची एक फेरी 30 फ्रेमची असेल तर फेरी संपता संपता, साधारण दोन-तीन फ्रेम आधी कापा. पूर्ण थांबल्यावर कापलं तर प्रत्येक शॉटच्या शेवटी खड्डा पडतो. पण कट दर वेळी हालचालीच्या तालावरच पडला तर कवायत होते. आयझेनस्टाइनच्याच ‘बॅटलशिप पोटेमकिन’ चित्रपटात ओडेसा शहरातल्या पायऱ्यांच्या प्रसंगात सैनिकांच्या पावलांची लय आणि कटांची लय जाणूनबुजून जुळू दिलेली नाही, तणाव त्यातूनच येतो. म्हणून तीन-चार कट तालावर, एक तालाच्या आधी.

भावछटेचा मोंताज उजेडावर चालतो. ‘पोटेमकिन’मधल्या बंदरातल्या धुक्याचा भाग पाहा: तिथे घडत जवळजवळ काहीच नाही, पाण्याचं हलकं डुलणं आणि उजेडाची घनता एवढ्यावर सगळं पेललं आहे. कार्यशाळेत हे धुळीने साधेल. सकाळच्या तिरक्या उन्हातले स्थिर शॉट गडदाकडून उजळाकडे लावा आणि प्रत्येक 70 ते 100 फ्रेम टिकू द्या.

बौद्धिक मोंताजचा, म्हणजे शॉट जोडून एखादी कल्पना मांडण्याचा, मोह आवरा. ‘ऑक्टोबर’ या चित्रपटात देवांच्या मूर्तींची मालिका लावून आयझेनस्टाइनने एक कल्पनाच मोडीत काढायचा प्रयत्न केला. अशी मालिका फसली की कारागिराशेजारी घड्याळ, मुंगी, तुरुंगाचे गज असे शॉट उरतात, आणि प्रेक्षक माणसाला सोडून कोडं सोडवत बसतो.

तीन मिनिटं म्हणजे 4,320 फ्रेम. सरासरी शॉट 55 फ्रेमचा धरला तर साधारण 78 शॉट होतात. पहिल्या जुळणीत सरासरी काढा. ती 30 च्या खाली आली असेल तर चित्रपट धावतोय आणि 90 च्या वर असेल तर नात्यांऐवजी नुसत्या नोंदी जमल्या आहेत.

जुन्या फुटेजवर काम करताना

स्वतः चित्रित न करता जुनं फुटेज वापरायचं असेल तर सोव्हिएत संकलक एस्फिर शुबची पद्धत पाहा. तिचा ‘रोमानोव्ह घराण्याचा अस्त’ हा 1927 चा चित्रपट जुन्या बातमीपटांतून आणि झारच्या दरबारी चित्रणांतून बांधला आहे. सुमारे 60,000 मीटर फिल्म पाहून त्यातली साधारण 1,500 मीटर तिने ठेवली, म्हणजे चाळिसांत एक. व्हर्टोव्हच्या उलट ती तुकडे लांब ठेवते, कारण अशा शॉटमध्ये प्रेक्षकाला कपडे, चेहरे, मागची गर्दी वाचायला वेळ लागतो. ही शिस्त कमी बोलली जाते, पण आज फुकट फुटेजच्या ढिगात काम करणाऱ्याला व्हर्टोव्हपेक्षा शुब जास्त शिकवते. प्रत्येक तुकड्यासाठी ठिकाण, तारीख, कुणी आणि कशासाठी चित्रित केलं, हे नोंदवा. कशासाठी हा रकाना सर्वांत मोलाचा: दरबाराच्या कौतुकासाठी घेतलेला शॉट त्याच दरबाराविरुद्ध साक्ष देऊ शकतो, तो न कापता, फक्त शेजार बदलून.

याच ठिकाणी प्रामाणिकपणाचा प्रश्न उभा राहतो. 1923 च्या जाहीरनाम्यात व्हर्टोव्ह अभिमानाने सांगतो: शवपेट्या खड्ड्यात उतरतात आस्त्राखानमध्ये, 1918 साली, खड्डा बुजवला जातो क्रोनश्टाटमध्ये, 1921 साली, तोफांची सलामी पेत्रोग्राडची, 1920 ची, टोप्या काढल्या जातात मॉस्कोत, 1922 मध्ये. प्रत्येक तुकडा खरा, पण असा अंत्यविधी कधी झालाच नाही. कामाच्या सर्वसाधारण चित्रात, जिथे कुठलीही विशिष्ट घटना घडली असा दावा नाही, तिथे हे बिनधास्त करा: तीन दिवसांचे रंधे एका सकाळीत बसू शकतात. विशिष्ट घटना, तारीख किंवा माणूस दाखवत असाल तर करू नका, किंवा शीर्षकपत्रात (शॉटच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाटीत) तारखा द्या.

शीर्षकपत्रं मोजकी असावीत, एका पत्रावर सहा-सात शब्द. मोठ्याने सावकाश दोनदा वाचून होईल तितका वेळ ठेवा. शॉटमध्ये दिसतं तेच लिहिलेलं पत्र काढून टाका.

तपासणी आणि आवाज

पूर्ण चित्रपट आधी आवाजाशिवाय पाहा, मग चित्र आडवं उलटवून, आरशातल्यासारखं पाहा. दिशांच्या चुका आणि नजरेच्या उड्या उलट्या चित्रात पटकन दिसतात, कारण डोळ्यांची सवय मोडलेली असते. त्यानंतर निम्म्या वेगाने पाहून प्रत्येक कटाची बेरीज तक्त्याशी ताडा.

आवाज यानंतरच. संगीताचा ठेका आधी टाकला की कट आपोआप त्याच्यामागे जातात आणि दिवसभर भरलेला तक्ता बिनकामाचा ठरतो. 1930 च्या ‘एन्थुझिॲझम’ या बोलपटासाठी व्हर्टोव्हने डोनबास या खाणपट्ट्यात खाणी-कारखान्यांचे आवाज जागेवर ध्वनिमुद्रित केले आणि ते चित्राच्या तुकड्यांसारखेच स्वतंत्रपणे जोडले. त्याच रीतीने कार्यशाळेतले 20-25 आवाज वेगळे घ्या, प्रत्येकी 30 सेकंद, मायक्रोफोन अवजारापासून हातभर अंतरावर. जोडताना आवाज चित्राच्या 6 ते 12 फ्रेम आधी सुरू करा. धक्क्याच्या सात-आठ जागांपैकी निदान दोन ठिकाणी आवाज पूर्ण तोडा.